अनामत रक्कम आणि मध्यस्थाचे दिवाळे

(फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात भरलेल्या पालक-शिक्षक मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्याचे निमंत्रण घेऊन मुख्याध्यापक माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी विषय सुचविला नाही, एक अडचण सांगितली. या शाळेतून शिकून गेलेली कित्येक मुले आज परमुलखात भाड्याच्या घरात राहतात. घर मिळवून देणारा एजंट अनामत रक्कम घेतो, दरमहा भाडेही तोच घेतो, आणि एके दिवशी त्याच्या कचेरीला कुलूप लागते. अशा वेळी पैसे कोणाकडे मागावयाचे, असे एका पालकाने त्यांना विचारले होते. त्या पालकाला द्यावयाचे उत्तर आज आपणा सर्वांपुढे मांडावे, असे मी ठरविले.

भाडे आणि पावती या गोष्टी गोमंतकाला नव्या नाहीत. १९६४ चा कूळकायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आपल्या गावांतील वडीलधाऱ्यांना चांगले परिचित आहेत. भाटकाराच्या माणसाच्या हाती खंड दिला, पण कागद घेतला नाही, म्हणून पुढे मामलेदार कचेरीत खेटे घालावे लागले, अशा कहाण्या आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजचा विषय त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की भाटकाराच्या माणसाच्या जागी आता एजंट आहे, आणि पुष्कळदा तो सातासमुद्रांपलीकडे आहे.

इंग्लंडातील स्विंडन या शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदविता येत असल्याने, त्या पारपत्रावर अनेक कुटुंबे तेथे गेली. युरोपीय नागरिकांना तेथे मुक्तपणे जाऊन राहण्याची मुभा २०२० च्या अखेरीस संपली. तरीही आधी गेलेली कुटुंबे तेथे आहेत, आणि शिक्षणासाठी वा परिचारिकेच्या नोकरीसाठी व्हिसा घेऊन जाणारी मुलेही आहेत. यास्तव तेथील व्यवस्था कशी चालते हे प्रथम सांगतो. ती समजली म्हणजे आपल्याकडे काय उणे आहे हेही ध्यानात येईल.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा तेथे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होता. भाडे महिना ६५० पौंड, अनामत ७५० पौंड, म्हणजे आपल्या पाऊण लाखाहून अधिक रुपये. ही रक्कम बहिणीने गळ्यातली साखळी गहाण ठेवून उभी केली होती. नळ दुरुस्त करावयाचा म्हणून तो एका सोमवारी एजंटाच्या कचेरीत गेला, तर दाराला कुलूप. आठवड्याने घरमालकाचे पत्र आले की, दोन महिन्यांचे भाडे मला पोहोचलेले नाही, ते त्वरित भरावे. मुलाने तर दोन्ही महिन्यांचे भाडे तारखेला भरले होते. त्या रात्री त्याने घरी फोन केला. बहिणीने पहिला प्रश्न मला विचारला तो हा की, आता दुसरी कोणती वस्तू मोडावी?

वस्तू मोडावी लागली नाही. कसे, ते पाहू.

त्याच्यापाशी तीन कागद होते. पहिला कागद भाडेकराराचा. त्यात घरमालकाचे नाव होते, आणि भाडे मालकाच्या वतीने एजंटाने स्वीकारावे, असे स्पष्ट लिहिले होते. मालकाने ज्याला पैसे घेण्याचा अधिकार दिला त्याच्या हाती दिलेला पैसा मालकालाच दिला असे मानले जाते, हे तेथील कायद्याचे जुने तत्त्व आहे. मध्यस्थाने तो गिळंकृत केला तर मालकाने मध्यस्थाला धरावे, भाडेकरूकडून दुसऱ्यांदा मागू नये. दुसरा कागद बँकेच्या खातेउताऱ्याचा. भाडे कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यात गेले, हे त्याने सिद्ध झाले.

तिसरा कागद अनामत रकमेच्या संरक्षणाचा. ६ एप्रिल २००७ पासून इंग्लंडात असा नियम आहे की, घर भाड्याने देताना घेतलेली अनामत शासनमान्य योजनेत सुरक्षित केलीच पाहिजे. अशा तीन योजना आहेत : डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. रक्कम मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती सुरक्षित करून कोणत्या योजनेत नोंदविली याची लेखी माहिती भाडेकरूला द्यावी लागते. यात दोन प्रकार आहेत. एका प्रकारात पैसे प्रत्यक्ष योजनेच्या स्वाधीन होतात. दुसऱ्या प्रकारात पैसे मालकाकडे किंवा एजंटाकडेच राहतात, पण त्यांचा विमा उतरविलेला असतो, आणि एजंट बुडाला तरी भाडेकरूची जेवढी रक्कम परत येणे असेल तेवढी योजना देते. अनामत सुरक्षित केलीच नाही, तर न्यायालय अनामतीच्या एकपट ते तिप्पट रक्कम भाडेकरूला देण्याचा हुकूम करू शकते. आमच्या मुलाची अनामत दुसऱ्या प्रकारात होती. घर सोडताना त्याला ती पुरी परत मिळाली.

राहिले ते एजंटाने अडकविलेले भाडे. त्याची सोय निराळी आहे. १ एप्रिल २०१९ पासून इंग्लंडात लोकांचे पैसे हाताळणाऱ्या प्रत्येक भाडे-एजंटाला ‘क्लायंट मनी प्रोटेक्शन’ या नावाच्या शासनमान्य योजनेचे सभासद व्हावेच लागते. सभासद न होणाऱ्याला ३०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सभासदत्वाचे प्रमाणपत्र एजंटाने कचेरीत व संकेतस्थळावर लावावयाचे असते. एजंटाने पैशाचा हिशेब दिला नाही, तर ज्याचे पैसे बुडाले त्याला त्या योजनेकडे मर्यादेपर्यंत भरपाई मागता येते. आमच्या मुलाच्या बाबतीत भाडे कायद्याने भरलेलेच ठरत असल्यामुळे नुकसान मालकाचे झाले होते. मुलाने कागदांच्या प्रती पाठविल्यावर मालकाला ते पटले, आणि त्याने आपली मागणी योजनेकडे नेली.

आता याच कहाणीची दुसरी बाजू. आमच्या मुलाच्याच गावचा एक तरुण त्याच सुमारास त्या शहरात उतरला. त्याला एका ओळखीच्या माणसाने खोली दिली. हा माणूस घराचा मालक नव्हता, नोंदणीकृत एजंटही नव्हता. स्वतः भाड्याने घेतलेल्या घरात तो इतरांना ठेवी आणि स्वतःही तेथेच राही. ६०० पौंड रोख घेतले, पावती दिली नाही. ‘आपल्याच गावचा माणूस, पावती कसली मागावयाची?’ असे त्या तरुणाला वाटले. चार महिन्यांनी तो माणूस बिऱ्हाड मोडून निघून गेला, आणि मूळ मालकाने सर्वांना घर रिकामे करावयास सांगितले. ते ६०० पौंड आजवर परत आलेले नाहीत. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. देणारा स्वतः त्याच घरात राहत असेल आणि आपण त्याच्याकडे एक खोली घेऊन राहत असू, तर अनामत योजनेत ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नसते. कायदा जेथे कमी पडतो तेथे लेखी करार आणि बँकेमार्फत दिलेला पैसा एवढाच आधार उरतो. आपल्या माणसाकडे पावती मागणे हा अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसाला पावती देण्यात कमीपणा वाटत नाही.

मुलांना पत्रातून वा फोनवरून सांगता येतील अशा काही गोष्टी आता सांगतो. हे नियम इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंडचे निराळे आहेत.

घर घेण्यापूर्वी एजंटाच्या कचेरीत संरक्षण योजनेचे प्रमाणपत्र पाहावे, आणि त्या योजनेकडे ते आजही चालू आहे ना याची खात्री करावी. वार्षिक भाडे ५०,००० पौंडांहून कमी असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही, हा १ जून २०१९ पासूनचा नियम आहे. महिना ६५० पौंड भाड्याला हा हिशेब बरोबर ७५० पौंड येतो. त्याहून अधिक मागणारा एजंट नियम मोडतो आहे असे समजावे. अनामत दिल्यानंतर महिनाभरात योजनेचा कागद आला नाही तर तिन्ही योजनांच्या संकेतस्थळांवर आपली नोंद शोधता येते. ती अवश्य शोधावी.

एजंटाची कचेरी बंद पडलीच, तर त्याच्या खात्यात पुढचा हप्ता भरू नये. मात्र भाडे थांबवून ते पैसे खर्चही करू नयेत; अनेकांची चूक येथेच होते. भाडे देणे लागतेच. फक्त ते कोणाला द्यावयाचे हे ठरेपर्यंत वेगळे काढून ठेवावे. घरमालक कोण हे ठाऊक नसेल तर भाडे घेणाऱ्याकडे मालकाचे नाव व पत्ता लेखी मागण्याचा हक्क १९८५ च्या कायद्याने भाडेकरूला दिला आहे, आणि ती माहिती २१ दिवसांत न देणे हा गुन्हा आहे. तेथील जमीन नोंदणी कार्यालयातूनही अल्प शुल्कात मालकाचे नाव मिळते. मग मालकाला पत्र लिहून यापुढे भाडे कोठे भरावे याचे लेखी उत्तर घ्यावे. अचानक एखाद्या अनोळखी माणसाने ‘आता भाडे माझ्या खात्यात टाका’ असा संदेश पाठविला, तर मालकाशी खात्री केल्याविना एक पैसाही देऊ नये.

आता आपल्या देशाकडे वळू. आपली मुले पुणे, बेंगळूर, हैदराबाद येथेही जातात. तेथे अनामत ठेवण्याची सक्तीची अशी योजना नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांची नोंदणी आली, पण ती घरांच्या खरेदी-विक्रीपुरती. भाड्याच्या व्यवहाराला ती लागू होत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायदा संमत केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. परंतु तो नमुना आहे, आणि राज्याने आपला कायदा केला तरच त्याचा लाभ तेथे मिळतो.

तथापि आपण अगदीच निराधार नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार भाडे मालकाला किंवा त्यासाठी नेमलेल्या त्याच्या प्रतिनिधीला द्यावयाचे असते. ‘त्यासाठी नेमलेल्या’ या शब्दांवर सारे अवलंबून आहे. घर दाखविणारा प्रत्येक दलाल पैसे घेण्यास नेमलेला असतोच असे नाही. म्हणून दलालाला त्याची दलाली द्यावी, आणि अनामत मालकाच्या नावाच्या खात्यातच भरावी. मालक परगावी असेल तर दलालापाशी त्याचे लेखी अधिकारपत्र आहे का ते पाहावे आणि मालकाशी स्वतः बोलावे. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे १९९९ च्या कायद्याने आवश्यक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. पुण्याला जाणाऱ्या मुलाने नोंदणीचा आग्रह धरण्यात संकोच करू नये.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. बारावीच्या मुलांना अर्ज कसा लिहावा हे आपण शिकवितोच. त्याबरोबर भाडेकरार कसा वाचावा, पावतीवर काय काय असावे, हे एका तासात शिकविता येईल. नाव, रक्कम, तारीख, कशाबद्दल आणि कोणाच्या वतीने, एवढ्या पाच गोष्टी पावतीवर असल्या तर पुढचा बराच त्रास वाचतो.

माझ्या बहिणीची साखळी पुढे सुटली. ती आता घरातल्या प्रत्येक मुलाला निघताना एक रिकामी फाईल देते आणि म्हणते, कपडे विसरलास तरी चालेल, ही भरून ठेव. आपणही तसेच करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.