पहिला एक्स-रे जपून ठेवा

(मंडळाच्या गणेशोत्सवात, विद्यानगर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोकमान्यांनी गणेशोत्सवात आरतीबरोबर व्याख्यानालाही जागा दिली. त्या जागेवर आज मंडळाने आम्हाला उभे केले आहे. आम्ही वक्ते नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलो, त्यात चाळिशी ओलांडली, एवढीच आमची ओळख. विषय आहे धोक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यांची नियमित वैद्यकीय तपासणी. रूक्ष वाटेल, पण रेल्वे वर्कशॉप, गिरणी किंवा फाउंड्री यांपैकी कशाशीच संबंध नाही असे घर आपल्यात क्वचितच सापडेल.

घरातलीच गोष्ट सांगतो. आमचे मामा बेळगावकडच्या एका फाउंड्रीत बावीस वर्षे होते. वाळूचे साचे करायचे, ओतीव माल साच्यातून फोडून काढायचा, घासायचा. पुढे खोकला लागला, जिना चढताना दम लागू लागला. टीबी समजून औषधांचा कोर्स झाला, एकदा नव्हे दोनदा. काम मात्र त्याच धुळीत चालू. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शेवटी एका डॉक्टरांनी विचारले, "काका, तुम्ही काम काय करत होता?" तेवढ्या एका प्रश्नाने आजाराचे नाव कळले: सिलिकोसिस.

डॉक्टरांनी जुने एक्स-रे मागितले. मामा म्हणाले, "दरवर्षी तपासणीची गाडी यायची, फोटो काढायचे, आमची सही घ्यायचे." त्यातला एकही कागद त्यांच्या हातात कधी आला नव्हता. भरपाईचा अर्ज करायचा तर पुरावा हवा, आणि तो नव्हता. मामा गेले. आम्ही जन्मभर फायली हाताळणारे. पण आमच्याच घरात हवा तो कागद नव्हता.

हा आजार होतो कसा? वाळूत सिलिका असते. तिचा डोळ्यांना दिसतो तो धुरळा नाकात-घशात अडकतो. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असलेली धूळ मात्र थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाते. तिथे व्रण पडतात आणि ते भरून येत नाहीत. बहुधा दहा-पंधरा वर्षे काहीच जाणवत नाही. अशा फुफ्फुसाला टीबीही लवकर धरतो, म्हणून निदानात घोटाळा होतो. आपल्याच राज्यात कोलारच्या सोन्याच्या खाणींत हा रोग स्वातंत्र्यापूर्वीच ओळखला गेला होता. खाणी २००१ साली बंद झाल्या, पण दगड फोडणे, वाळू मारणे, ओतकाम हे धंदे चालूच आहेत.

आवाजाचेही तसेच. पत्रे ठोकणाऱ्याच्या कानातून आधी उंच पट्टीचे स्वर जातात. घरच्यांना वाटते, हा लक्ष देत नाही! बॅटरीच्या कामात शिसे रक्तात जाते. पोटात दुखते, अंगातले रक्त कमी होते. यांतले बरेच नुकसान भरून येत नाही, पण लवकर कळले तर वाढण्यापासून थांबवता येते. त्यासाठी धुळीला एक्स-रे व फुंकण्याची चाचणी, आवाजाला कानाची आणि शिशाला रक्ताची तपासणी असते. नुसता 'फिट' असा शिक्का म्हणजे तपासणी नव्हे. कामाला लागतानाचा कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवल्यावरच फरक दिसतो.

कायद्याने हे ओळखले, पण फार मोठी किंमत मोजून. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडले, त्यानंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेत काम देण्यापूर्वी, काम चालू असताना आणि ते सोडल्यावरही, १२ महिन्यांहून अधिक अंतर न ठेवता तपासणी करावी, प्रकृतीची नोंद ठेवावी आणि ती कामगाराला पाहता यावी, असे तिच्यात लिहिले गेले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सांगितले, की कामगाराची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांतले जे उशिराचे असेल तोवर जपावी. कारण रोग निवृत्तीनंतरही उगवतो. नव्या श्रमसंहितेतही मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे.

मग अडते कुठे? भीतीत. "रिपोर्टमध्ये काही निघाले तर कामावरून काढतील," म्हणून माणूस खोकला दाबतो. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पोट हातावर आहे. अनफिट ठरलेल्याला पर्यायी काम देण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती मागायला हातात कागद लागतो. आणि आठ-दहा माणसांची शेड चालवणारे आपल्यातही आहेत. त्यांना विनंती, की कायदा लागू होतो की नाही हे पाहत बसू नका. वर्षातून एकदा माणसांची तपासणी करा आणि रिपोर्टची प्रत त्यांच्या हातात द्या. धूळ तर आधी आवरा. तपासणीने धूळ कमी होत नाही.

घरोघरी करण्यासारखे थोडेसेच आहे. मुलगा कामाला लागला, की पहिल्या तपासणीची प्रत मागून घ्या. दरवर्षीचे कागद रेशनकार्डाशेजारी एका फाइलमध्ये ठेवा. डॉक्टरांकडे, मग ते इथे विद्यानगरातले किम्स असो वा गल्लीतला दवाखाना, काम काय आणि किती वर्षे केले ते न विचारता सांगा. निवृत्त मंडळींनीही सांगा.

महाभारत लिहून घ्यायला व्यासांनी गणपतीलाच बसवले, असे आपण मानतो. सांगणारे व्यास, पण टिकले ते लिहिले म्हणून. या लेखनिक देवापुढे एवढेच ठरवू, की आपल्या घरातल्या कष्टकऱ्याच्या प्रकृतीची नोंद आपण ठेवू.

गणपती बाप्पा मोरया!