हौद गळतो, तक्रार कोठे न्यावी?



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक सांगत आले. त्या म्हणीत हौदाचे नाव नाही. पण घराच्या भिंतीतला दोष रंगाखाली वर्षभर झाकून राहतो, आणि हौदातला दोष पाणी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या डोळ्यांपुढे येऊन उभा राहतो. अशा वेळी मालकाने काय करावे, ठेकेदाराशी कसे बोलावे, आणि बोलणे खुंटले तर कोणाचे दार ठोठवावे, ह्याविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे.

बोलायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ. गाव खरे आहे, माणसे कल्पनेतली आहेत. पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. आचार्य विनोबा भावे यांचे हे जन्मगाव. समजा, ह्या गावात मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या एका गृहस्थांनी घर बांधले आणि परसात वीस फूट लांब, दहा फूट रुंद, पाच फूट खोल असा काँक्रीटचा हौद बांधायला दिला. नातवंडांनी सुट्टीत पोहावे आणि उरलेले पाणी आंब्याच्या कलमांना जावे, असा बेत. रायगड जिल्ह्यात आता बंगल्यांमागे पोहण्याचे तलाव झाले आहेत. त्यांची आणि ह्या हौदाची गोष्ट एकच. ठरलेली रक्कम चार लाख, त्यातले तीन लाख दिलेले. काम मे महिन्यात, मिरग तोंडावर असताना, घाईने उरकलेले. पाणी भरले, आणि चार दिवसांत चार इंच उतरले.

मालक म्हणतात, "भाऊ, तुमचं काम फसवं आहे." ठेकेदार म्हणतो, "काका, नवा हौद पाणी पितोच. पिऊ द्या थोडं." एवढ्यावर भांडण सुरू होते आणि महिना दोन महिने चालते. गंमत अशी, की ठेकेदाराचे म्हणणे अगदीच खोटे नाही. कोरडे काँक्रीट पहिले काही दिवस पाणी शोषते. शिवाय उन्हाळ्यात उघड्या पाण्याची रोज काही मिलिमीटर वाफ होते. पण मालकही खोटे बोलत नाहीत. दोनशे चौरस फुटांच्या ह्या हौदात एक इंच पाणी उतरले म्हणजे सुमारे चारशे सत्तर लिटर गेले. चार दिवसांत अठराशे लिटरांहून अधिक पाणी वाफेने जात नाही.

तेव्हा "काम फसवं आहे" हे वाक्य बाजूला ठेवावे आणि हातात पट्टी घ्यावी. हौद काठोकाठ भरावा. पहिले सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यावे. ठेकेदाराचा तो मुद्दा मानून टाकावा. मग पुन्हा भरून पुढचे सात दिवस, रोज ठरलेल्या वेळी, पाण्याची पातळी मोजून वहीत लिहावी. पाण्याच्या टाक्यांसाठी जे भारतीय मानक आहे, आय.एस. ३३७०, त्यातही सात दिवस शोषणाचे आणि सात दिवस निरीक्षणाचे, असाच क्रम आहे. वाफेचा हिशेब निघावा म्हणून पाण्याने भरलेली एक बादली हौदाच्या पायरीवर, बुडेल अशी नव्हे तर काठ वर राहील अशी, ठेवावी. ऊन दोघांवर सारखेच पडते. बादलीत जेवढे पाणी उतरले तेवढी वाफ; हौदात त्याहून जास्त उतरले ते गळले. हे मोजताना ठेकेदाराला बोलवावे आणि वहीवर त्याची सही घ्यावी. तो आला नाही, तर दोन शेजाऱ्यांची घ्यावी.

पाणी कोठवर उतरून थांबते, हेही पाहावे. ते पुष्कळ सांगून जाते. नळ्याच्या तोंडाशी येऊन थांबले, तर नळा बसवताना सांधा नीट भरला नाही. हे दिवसभराचे काम आहे, त्यासाठी वैर धरायचे कारण नाही. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथवर उतरले, तर त्या सांध्यात पाणी अडवणारी पट्टी घातली होती का, आणि आदल्या दिवशीच्या काँक्रीटवर दुसऱ्या दिवशीचे ओतताना जुना थर खरवडून धुतला होता का, हे विचारावे. भिंतीला मध्येच कुठेतरी खडी उघडी पडलेली, मधमाशीच्या पोळ्यासारखी जागा दिसली, तर तेथे माल ठोकून बसवला गेला नाही, व्हायब्रेटर फिरला नाही. आणि पाणी उतरतच राहिले, भिंत ठिकठिकाणी ओली दिसू लागली, तर मात्र सगळ्या मालाचाच विचार करावा लागतो.

आता मालाविषयी. गवंड्याला ओला, पळता माल आवडतो. घमेल्यातून ओतायला सोपा, थापीखाली पसरायला सोपा. पण हौदाच्या काँक्रीटात पन्नास किलो सिमेंटच्या एका गोणीला पाणी साडेबावीस लिटरांच्या वर जाऊ नये, आणि वाळूत जो ओलावा असतो तोही त्यातच धरायचा. जास्तीचे पाणी पुढे वाळून जाते आणि मागे बारीक वाटा ठेवून जाते. दुसरी चूक वाळूची. खाडीची वाळू न धुता वापरली, तर तिच्यातले मीठ आतल्या सळईला खाते. तिसरी चूक पाणी मारण्याची. निदान सात दिवस, आणि कडक उन्हात किंवा मिश्र सिमेंट असेल तर दहा ते चौदा दिवस, काँक्रीट ओले ठेवावे लागते. मिरग जवळ आला म्हणून चौथ्या दिवशी गिलावा केला, की तडा पुढच्या वर्षावर ठेवलेला असतो.

काँक्रीट कमी ताकदीचे आहे असा संशय असेल, तर तो हातोडीने ठोकून, आवाज ऐकून सिद्ध होत नाही. अभियंत्याकडून काँक्रीटचे गोल तुकडे, निदान तीन, कापून घेता येतात आणि प्रयोगशाळेत दाबून पाहता येतात. हौदाच्या सळईच्या कामाला तीस क्रमांकाच्या प्रतीचे, म्हणजे मिस्त्रीलोकांच्या भाषेत एम्-तीस, काँक्रीट लागते. तुकड्यांची सरासरी ताकद त्याच्या पंच्याऐंशी टक्के तरी भरावी आणि एकही तुकडा पंच्याहत्तर टक्क्यांखाली जाऊ नये, असा आय.एस. ४५६ ह्या मानकाचा नियम आहे. ह्या चाचणीला पैसे पडतात. म्हणून ती सरसकट करू नये; साध्या मोजणीने प्रश्न सुटत नसेल तेव्हाच करावी.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण कोकणात ती फार महत्त्वाची आहे. गळती शोधण्यासाठी भर पावसाळ्यात जमिनीतला हौद रिकामा करू नका. बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असते. आतले पाणी काढले, की ते बाहेरचे पाणी तळाला खालून वर रेटते. तळ फुटतो, कधी हौदच उचलला जातो. मग मूळ दोष ठेकेदाराचा की रिकामा करणाऱ्याचा, हा नवाच वाद उभा राहतो आणि त्यात मालक हरतो.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. सिमेंट, रेती, सळई कोणी आणली? आपल्या खेड्यांत पुष्कळ ठिकाणी माल मालकाचा आणि ठेकेदाराची फक्त मजुरी, असे ठरते. अशा वेळी मालकाने स्वस्तातली मातीमिश्रित वाळू आणली असेल, किंवा "दोन गोण्या कमी टाक रे" असे स्वतःच सांगितले असेल, तर सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पण माल ठीक असून पाणी जास्त घातले, सांधा धुतला नाही, काँक्रीट बसवले नाही, तर तो दोष कामाचा, आणि तो मजुरीवर काम करणाऱ्यालाही सुटत नाही. मालासकट ठेका असेल, तर प्रश्नच मिटला. म्हणून सिमेंटच्या पावत्या, रेतीच्या गाडीची चिठ्ठी, मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, आणि काम चालू असतानाची छायाचित्रे, हे सारे एका पिशवीत ठेवावे. लेखी करार नसला तरी ह्या कागदांवरून करार उभा राहतो.

कागद जमले, मोजणी झाली, की ठेकेदाराला पत्र द्यावे. शिक्षक मंडळींना माझी विनंती आहे, की गावात अशी वेळ आली तर हे पत्र आपण लिहून द्यावे. त्यात शिव्या नकोत, "फसवणूक" हा शब्दही नको. काम कोणते, किती तारखेला झाले, पैसे किती दिले, सात दिवसांत पाणी किती उतरले, ओल कोठे दिसते, आणि काय करून हवे, एवढेच असावे. पंधरा दिवसांची मुदत द्यावी. पत्र पोस्टाने, पोहोच घेऊन पाठवावे. राहिलेले एक लाख "बुडवले" असे म्हणू नये. दुरुस्ती होऊन चाचणी झाल्यावर देऊ, असे पत्रातच लिहावे. ठेकेदारालाही मजुरांचे पगार द्यायचे असतात. त्याला पैसे मिळण्याची वाट दिसली पाहिजे, नाहीतर तो हौदाकडे परत फिरकणार नाही.

गावचा तंटा गावात मिटावा, हा विचार विनोबांनी ग्रामदानाच्या काळात पुष्कळ मांडला. महाराष्ट्रात २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तीही ह्याच वाटेने. जेथे अशी समिती काम करते, तेथे तिच्यापुढे जावे. मात्र तडजोड तोंडी करू नये. "करून देतो" म्हणजे काय करून देतो? आतून सिमेंटचा हात फिरवून देणे ही दुरुस्ती नव्हे. खालची पोकळ जागा तशीच राहते आणि पुढल्या वर्षी वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

तडजोड नाहीच झाली, तर कायद्याचे दार उघडे आहे. पुष्कळांना वाटते की ग्राहक कायदा म्हणजे दुकानातल्या मालापुरता. तसे नाही. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही सेवा धरली. पुढे २००८ साली, फकीरचंद गुलाटी विरुद्ध उप्पल एजन्सीज ह्या दिल्लीच्या खटल्यात तर अधिक स्पष्ट सांगितले: आपल्या जमिनीवर घर बांधण्याचे काम ज्याने ठेकेदाराला दिले, त्याला त्या कामातल्या उणिवेबद्दल ग्राहक म्हणून तक्रार करता येते. हौद घराचाच भाग आहे.

आज लागू असलेला कायदा २०१९ चा. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, म्हणजे रायगडपुरते अलिबागला. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार करता येते, म्हणजे घर गागोद्याला आणि मालकाचा राहता पत्ता मुंबईचा असेल, तर मुंबईतही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. त्याआधी १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला दूरध्वनी करून पाहावा; पुष्कळदा तेवढ्यानेही समोरचा माणूस बोलायला तयार होतो. एक गोष्ट ध्यानात असू द्या: बंगला भाड्याने देण्याचा धंदा करण्यासाठी तलाव बांधला असेल, तर "हा व्यापारी हेतू आहे" अशी हरकत निघते, आणि मग दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते.

आपल्या गागोद्याच्या उदाहरणात पाणी तळाच्या सांध्याशी येऊन थांबले, असे समजू. मग तडजोडीचा कागद साधारण असा होईल. पाऊस सरल्यावर, दसऱ्यानंतर, हौद रिकामा करायचा. ठेकेदाराने स्वखर्चाने सगळा सांधा चारी बाजूंनी खोदून, धुऊन, अभियंता सांगेल त्या मालाने भरायचा आणि वरून पाणी अडवणारा थर द्यायचा. मालकाने वीज आणि पाणी द्यायचे. पुन्हा सात दिवस शोषणाचे, सात दिवस मोजणीचे. बादलीपेक्षा हौद जास्त उतरला नाही, तर पन्नास हजार त्याच दिवशी आणि उरलेले पन्नास हजार पुढचा पावसाळा गेल्यावर. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख, आणि प्रत्येकाकडे एकेक प्रत.