वेताळाची नवी शपथ
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका माजी विद्यार्थ्याच्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शाळेच्या साठाव्या वर्षी व्याख्यानाला उभे राहायचे आणि विषय घ्यायचा चित्रकथेचा, हे काही ज्येष्ठांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय मी जाणूनबुजून निवडला. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या माझ्या पिढीतील अनेकांच्या मराठी वाचनाचा श्रीगणेशा पाठ्यपुस्तकाइतकाच 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या मराठी अंकांनी झाला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली सुरू केलेली ही माला १९९० साली बंद पडली. तिचा पहिला नायक म्हणजे ली फॉक यांचा फँटम. आपल्यापैकी कोणी त्याला वेताळ म्हणे, कोणी सरळ फँटम.

या वेताळाची कथा आज नव्याने सांगायची झाली, तर त्याच्या चाहत्यांनी ती कशी सांगावी? काय ठेवावे, काय टाकावे आणि त्याच्या गोतावळ्याचे काय करावे? हाच आजचा विषय.

चित्रकथांच्या जगात या खटाटोपाला 'रीबूट' म्हणतात. संगणक अडला की आपण तो बंद करून पुन्हा चालू करतो. तसाच हा नवारंभ. दीर्घकाळ चाललेल्या कथेत विसंगती साचतात, नायकाचे वय वाढत नाही, भोवतालचे जग मात्र बदलते. मग प्रकाशक कधीतरी पाटी पुसून पहिल्या अंकापासून सुरुवात करतात. सुपरमॅनचा जन्म १९३८चा. १९८६ साली जॉन बर्न यांनी त्याची कथा नव्याने मांडली, तेव्हा त्याचे दत्तक आईवडील त्याच्या प्रौढपणीही हयात राहिले आणि लेक्स लूथर हा माथेफिरू शास्त्रज्ञ धनाढ्य उद्योगपती झाला. नायक जवळजवळ तोच राहिला, पण आईवडिलांशी बोलू शकणारा सुपरमॅन अधिक माणसासारखा वाटू लागला आणि प्रतिष्ठित लूथर अधिक भयंकर. नवारंभाचा खरा परिणाम सहपात्रांतून घडतो, हा यातला पहिला धडा.

दुसरा धडा चाहत्यांविषयीचा आहे आणि तो कडू आहे. १९८८ साली बॅटमॅनच्या एका कथेत त्याचा तरुण साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, मृत्यूच्या दारात उभा होता. प्रकाशकांनी दोन दूरध्वनी क्रमांक दिले आणि निर्णय वाचकांवर सोपवला. ५,३४३ मते त्याच्या मृत्यूच्या बाजूने पडली, ५,२७१ मते जीवनाच्या बाजूने. ७२ मतांच्या फरकाने एक मुलगा मेला. पुढे २००५ साली लेखकांनी त्याला परत आणले, ही गोष्ट वेगळी. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याचे काय करावे, हे मोजदादीने ठरवता येत नाही, एवढे मात्र त्या प्रसंगाने दाखवून दिले. म्हणून चाहत्यांनी नवारंभाची भाषा करताना आधी स्वतःला विचारावे : आपण ही कथा दुरुस्त करतो आहोत की नुसता कंटाळा काढतो आहोत?

आता वेताळाकडे वळू. त्याची पहिली दैनिक चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी प्रसिद्ध झाली, म्हणजे तो सुपरमॅनहून दोन वर्षांनी थोरला. त्याच्या अंगी कोणतीही अमानुष शक्ती नाही. तो उडत नाही, गोळी लागली तर रक्त सांडते, आणि वय झाले की मरतो. तरीही जंगलातील लोक त्याला अमर मानतात, याचे कारण त्याची वंशपरंपरा. १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेल्या एका तरुणाने आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी आपण आणि आपले वंशज लढत राहू. आपण ज्याच्या कथा वाचतो तो या वंशातला एकविसावा. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि बाहेरच्या जगाला वाटते की माणूस तोच आहे.

मित्रहो, या कल्पनेतच एक सोय दडलेली आहे. इतर नायकांना नव्याने जन्माला घालण्यासाठी जुना इतिहास पुसावा लागतो. वेताळाच्या कथेत नवारंभ मुळातच आहे. तो वीस वेळा झालेला आहे. बाविसावा वेताळ आला म्हणजे एकविसावा खोटा ठरत नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की या कथेची पाटी मुळीच पुसू नये. फक्त पुढची शपथ लिहावी.

काय बदलले तरी चालते, हे इतिहासच सांगतो. अमेरिकेत वेताळाचा पोशाख जांभळा; स्वीडनमध्ये तो निळा झाला, इटलीत तांबडा. कोणाचेही काही बिघडले नाही. त्याचा प्रदेश सुरुवातीच्या कथांत आशियाचा भास देणारा होता, पुढे तो आफ्रिकेतील बंगाला नावाचा देश ठरला, आणि आपल्या इंद्रजालच्या अंकांत त्याच देशाचे नाव डेंकाली झाले. रंग, गाव, नाव हे सारे बदलून तो वेताळच राहिला. शपथ मात्र कोणी बदलली नाही.

मग नव्या मांडणीत हात कोठे घालायचा? माझ्या मते चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणी नायकापेक्षा त्याच्या भोवतालची माणसे महत्त्वाची आहेत.

पहिला गुरन. बांदार जमातीचा हा नायक वेताळाचा बालमित्र. विषारी बाणांनी कवटीच्या गुहेचे रक्षण करणारी हीच जमात. पहिल्या वेताळाला किनाऱ्यावरून उचलून जगवणारीही हीच. पण दशकानुदशके चित्रांत गुरन काय करतो? घोडा आणून देतो, निरोप पोहोचवतो, काळजी करतो. या व्याख्यानापूर्वी मी आपल्या आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना काही जुने अंक वाचायला दिले आणि एकेक प्रश्न लिहून आणायला सांगितला. आठवीतल्या एका मुलीने लिहिले, "गुरनला घर का दाखवत नाहीत?" या एका ओळीत साम्राज्यशाहीच्या काळात जन्मलेल्या या कथेचे सगळे दुखणे आले. एक गोरा माणूस चारशे वर्षे कृष्णवर्णीयांच्या अरण्यात राहतो, पिढ्यानपिढ्या त्यांचे रक्षण करतो आणि ते पिढ्यानपिढ्या कृतज्ञ राहतात, हे चित्र आज जसेच्या तसे काढता येणार नाही.

यावर काही चाहते म्हणतात, वेताळच बांदार जमातीतला करावा. हा मार्ग सोपा आहे, पण त्याने जुना हिशेब मिटत नाही, तो फक्त झाकला जातो. मला दुसरा मार्ग अधिक सच्चा वाटतो. गुहेत प्रत्येक वेताळाने स्वहस्ते लिहिलेल्या बखरींचे कपाट आहे. बांदारांजवळ मात्र लेखी बखर नाही, त्यांच्याजवळ मौखिक स्मृती असणार. नव्या कथेत या दोहोंना समोरासमोर आणावे. वहीत लिहिले असेल, "मी गावाला वाचवले." गुरनची आजी सांगेल, "त्या रात्री आमची अकरा माणसे त्याच्यापुढे उभी राहिली, म्हणून तो वाचला." दोन्ही खरे असू शकते. बाविसाव्या वेताळाने शपथ घेण्यापूर्वी ही दुसरी बखर ऐकलीच पाहिजे, असा नियम करावा. कथेतील लोकांना नायक स्वीकारण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार मिळाला की ते सहपात्र राहत नाहीत, पात्र होतात. असा स्वीकार अशक्य नाही, याचा पुरावा प्रत्यक्ष जगात आहे. पापुआ न्यू गिनीच्या वाघी खोऱ्यातील योद्ध्यांनी आपल्या लढाईच्या ढालींवर वेताळाचे चित्र रंगवले. न मरणारा माणूस त्यांना आपला वाटला. त्यांनी त्याला निवडले. त्याने त्यांना नव्हे.

दुसरी डायना. पोहण्यात निष्णात, संयुक्त राष्ट्रसंघात काम करणारी, जग पाहिलेली ही स्त्री चाळीस वर्षे वाग्दत्त वधूसारखी वाट पाहत राहिली. फॉक यांनी अखेर १९७७ साली तिचे लग्न लावले आणि पुढे तिला किट आणि हेलोईस ही जुळी मुले झाली. नव्या कथेत डायनाने एक अवघड प्रश्न विचारावा. वेताळाच्या उजव्या हातातील अंगठीवर कवटी आहे. ज्याला ठोसा बसतो त्याच्या जबड्यावर तिची खूण जन्मभर राहते. डावीकडच्या अंगठीची खूण अभयाची. लहानपणी आपण त्या ठोशावर टाळ्या वाजवल्या. परंतु मानवी हक्कांची जाण असलेली पत्नी विचारील, "खटला कोणी चालवला? आणि चूक झाली असेल तर ती खूण कोण पुसणार?" या प्रश्नाचे उत्तर देता न आलेला वेताळ मला अधिक थोर वाटेल. एखादा निरपराध माणूस ती खूण घेऊन गुहेच्या दारी येतो, एवढ्या एका प्रसंगावर वर्षभराची कथा उभी राहील.

तिसरे जंगल पेट्रोल आणि राष्ट्राध्यक्ष लुआगा. आफ्रिकेतील देश स्वतंत्र होऊ लागले तसा फॉक यांनी आपला काल्पनिक देशही स्वतंत्र केला आणि लामांडा लुआगा हा डॉक्टर त्याचा निवडून आलेला अध्यक्ष झाला. जंगल पेट्रोलच्या प्रमुखपदी गोऱ्या कर्नल वीक्सच्या जागी कृष्णवर्णीय कर्नल वोरोबू आला. मूळ लेखकच कथा काळाबरोबर नेत होता, हे जुन्याला हात लावू नका म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आता एक पाऊल पुढे टाकावे. पेट्रोलचा सेनापती अज्ञात असतो, तिजोरीत चिठ्ठी ठेवून आदेश देतो. लोकशाही देशाच्या सशस्त्र दलाला अज्ञात सेनापती चालेल काय? लुआगाने मित्राला हे विचारावे. मैत्री आणि राज्यघटना यांच्यातला हा पेच कोणत्याही खलनायकापेक्षा सरस आहे.

चौथा प्रश्न वारशाचा. मुखवटा मुलाकडे जातो, ही रीत. सतराव्या वेताळाची जुळी बहीण जूली हिने भाऊ जखमी असताना तो मुखवटा घातल्याची कथा स्वतः फॉक यांनीच लिहिली होती. म्हणजे वाट होती. विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्यांत सर्वाधिक कौल हेलोईसला होता. माझाही आहे, पण एका अटीवर. तिला शपथ नाकारण्याचीही मोकळीक हवी. नाकारता येत नाही ती शपथ नसते, ते ओझे असते.

आणि काय बदलू नये? त्याला अद्भुत शक्ती देऊ नयेत. त्याचे मरण काढून घेऊ नये. डेव्हिल हा लांडगा आणि हीरो हा घोडा यांच्याशी असलेला त्याचा अबोल स्नेह तसाच ठेवावा. चाचे मात्र नवे हवेत. आजचे सगळेच चाचे जहाजावर चढत नाहीत; काही चोरटे लाकूड आणि बेकायदा खनिजे कागदोपत्री स्वच्छ करून विकतात. त्यांच्याविरुद्ध नुसता ठोसा पुरणार नाही, वोरोबूचा तपास आणि लुआगाचा कायदा लागेल. म्हणजे पुन्हा गोतावळाच.

सभ्य गृहस्थहो, एव्हाना आपल्या लक्षात आले असेल की मी अधूनमधून आपल्या शाळेविषयीच बोलत होतो. परप्रांतातील मराठी शाळा हीसुद्धा एक दीर्घकाळ चाललेली कथाच आहे. तिच्या नवारंभाच्या चर्चा गेली काही वर्षे आपण करतो आहोत : माध्यम बदलावे का, इंग्रजी किती आणावे, शाळेचे नाव तरी तेच ठेवावे का. पट घटतो तेव्हा हे प्रश्न टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. मी निर्णय सांगायला आलेलो नाही. एक कसोटी तेवढी पुढे ठेवतो. या शाळेच्या बाबतीत रंग कोणता आणि शपथ कोणती, हे आधी ठरवा. गणवेश, प्रार्थना, इमारत, गणिताची परिभाषा, हे रंग असू शकतील. घरापासून दूर वसलेल्या मुलाला त्याच्या आईच्या भाषेत विचार करता यावा आणि या शहराच्या भाषेशीही त्याने स्नेहाने बोलावे, ही मला शपथ वाटते. ज्या बदलाने ती टिकते तो बदल खुशाल करा. ज्याने ती जाते, तो बहुमताने मंजूर झाला तरी ७२ मतांची आठवण ठेवा.

आणखी एक विनंती. या स्मरणिकेत संस्थापकांची छायाचित्रे येतील, ती यावीतच. पण साठ वर्षे घंटा देणारे, वर्ग झाडणारे, पावसात मुलांना रस्ता ओलांडून देणारे शिपाईमामा आणि बाई यांचीही नावे छापा. त्यांच्याकडून शाळेची दुसरी बखर ऐकून घ्या आणि ती नववी-दहावीच्या मुलांना लिहू द्या. आपल्या गुरनला घर आहे, हे पुढच्या वाचकाला कळले पाहिजे.