जिभेखालची गोळी आणि टीबीचा कोर्स

डॉक्टर मित्रहो, समुपदेशक, परिचारिका आणि व्यसन सोडून आज इथे कार्यकर्ते म्हणून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

१९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा काळजी होती गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणाऱ्या तरुण पोरांची. आज आपल्या दारात येणाऱ्याला टीबी असतो, शुगर असते, लिव्हर सुजलेलं असतं, कुणाला ऑपरेशनची तारीख मिळालेली असते. व्यसनमुक्तीच्या गोळ्या एका कागदावर आणि बाकीच्या दुसऱ्या कागदावर. हे दोन कागद एकत्र यावेत, एवढंच मला आज मागायचं आहे.

गर्द सोडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिरावलेला एखादा माणूस घ्या. रोज केंद्रावर येतो, जिभेखाली गोळी ठेवतो, कामावर जातो. त्याला टीबी निघतो आणि रिफॅम्पिसिन सुरू होतं. हे औषध लिव्हरमधल्या एन्झाइमांना असं कामाला लावतं, की ब्युप्रेनॉर्फिन शरीरातून भराभर संपू लागतं. आठ-पंधरा दिवसांत नाक गळतं, हाडं दुखतात, झोप उडते. ही टर्कीच, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास. पण घरचे म्हणतात, ‘परत सुरू केलं वाटतं!’ आणि सांगायला वाईट वाटतं, आपल्यातलेही काही जण तेच म्हणतात. तो मग टीबीच्या गोळ्या सोडतो, नाहीतर खरोखरच गर्दकडे वळतो. त्याला शिक्षा कशाची? डोस वाढवून किंवा रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देऊन हे टाळता येतं. कोर्स संपल्यावर एन्झाइम पुन्हा शांत होतात, तेव्हा वाढवलेला डोस कमी करण्याचीही आठवण हवी; नाहीतर गुंगी चढते.

दारूच्या बाबतीत मला डायसल्फिरमची, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास देणाऱ्या गोळीची, अधिक धास्ती आहे. कित्येक घरांत ही गोळी अजून वरणात, चहात चोरून घातली जाते. घरच्या बाईची अगतिकता मला कळते, तरीही मी याला ठाम विरोध करतो. ज्याला ती अशी दिली जाते, तोच माणूस जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल घेतो आणि भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, किंवा टीबीच्या आयसोनियाझिडबरोबर त्याची चाल अडखळते, वागणं बदलतं. गोळी घेतोय हे त्यालाच ठाऊक नसेल, तर तो डॉक्टरांना सांगणार काय? हृदयविकार किंवा बिघडलेलं लिव्हर असताना तर हा जिवाशी खेळ आहे.

दारूसाठीच्याच अकॅम्प्रोसेटचा लिव्हरवर भार पडत नाही, पण ते किडनीवाटे बाहेर पडतं. म्हणून क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय ते लिहू नये.

ऑपरेशनच्या वेळी आणखी एक गोंधळ होतो. नाल्ट्रेक्सोनची गोळी साधारण ७२ तास आधी थांबवावी लागते, कारण ती मॉर्फिनचा परिणामच होऊ देत नाही. ब्युप्रेनॉर्फिन मात्र सहसा चालू ठेवायचं आणि दुखणं शमवायला त्याच्या जोडीला इतर औषधं द्यायची. पण ‘नशेची गोळी’ म्हणून पहिली काट तिच्यावरच बसते. ताजी जखम, वर टर्की, आणि वेदनेने ओरडला की ‘नाटक करतो’ हा शेरा! व्यसनी माणसालाही दुखतं, हे वॉर्डात जाऊन आपणच सांगितलं पाहिजे.

दुपारच्या सत्रात एका मराठी कार्डाचा मसुदा आपल्यापुढे येईल. चालू गोळ्या, डोस, केंद्राचा फोन आणि ‘आम्हाला विचारल्याशिवाय बंद करू नये’ ही ओळ. कार्ड दाखवायचं की नाही, हे रुग्णच ठरवील. त्यात दुरुस्त्या सुचवा. विशेषतः ज्यांच्या स्वतःच्या खिशात या गोळ्या आहेत, त्यांनी.