न बोलणारा सैनिक

बाई, सर आणि दहावी 'ब'मधल्या दोस्तांनो,

संयोजकांनी सांगितलं, "सध्या काय करतोस त्यावर पाच मिनिटं बोल." सध्या मी रात्री जेवण झालं की कॉमिक्स वाचतो. हसा, घरीही हसतात. पन्नाशीचा माणूस 'जी. आय. जो'चे १५५ अंक पहिल्यापासून वाचायला बसलाय म्हटल्यावर बायकोने आधी कपाळाला हात लावून पाहिला. माझ्या.

आपल्यातल्या काहींना ते सैनिक आठवतील. पावणेचार इंची, हात, पाय, मान वळणारे. हॅसब्रो कंपनीला १९८२ साली ही खेळणी विकायची होती, म्हणून मार्व्हलने त्यांच्यावर मासिक काढलं. म्हणजे उघड उघड जाहिरात. दुकानात नवी गाडी आली की ती गोष्टीत घुसवायची. वाचताना हे कळतं, मधले काही अंक तर निव्वळ भरताड आहेत. पण जवळजवळ सगळे अंक लिहिणारा लॅरी हामा स्वतः व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात होता. खेळण्याच्या पाकिटामागची माहितीची कार्डंही तोच लिहायचा. त्याने त्या प्लास्टिकला गाव दिलं, भूतकाळ दिला, आणि १०९व्या अंकात त्यातले बरेच जण मारूनही टाकले.

त्यातला एक स्नेक आइज. अंगभर काळा, चेहरा झाकलेला. पहिला बाहुला काळा का, तर रंगाचा खर्च वाचवायला! हामाने त्या काटकसरीतून माणूस उभा केला. हेलिकॉप्टरच्या अपघातात चेहरा विद्रूप झालेला, आवाज गेलेला. १९८४ सालचा २१वा अंक त्याचाच. तो शत्रूच्या किल्ल्यात एकटा शिरतो आणि अख्ख्या गोष्टीत एकही संवाद नाही, धडाम-धुडूमसुद्धा नाही. शेवटी बाही फाटते आणि दिसतं, ज्या शत्रूशी तो लढला त्याच्या हातावर आहे तेच गोंदण याच्याही हातावर आहे. हा अंक मी चार वेळा वाचला.

आपल्या वर्गात हा बाहुला एकाकडेच होता. सहावीत असताना त्याच्या मामांनी अमेरिकेहून आणलेला. नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय. बोलताना अडखळायचा. हजेरीच्या वेळी त्याला 'हजर' म्हणायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात मी मागून त्याच्या आवाजात 'ह-ह-हजर' म्हणायचो, आणि वर्ग हसायचा. तरी मधल्या सुट्टीत त्याने तो बाहुला माझ्या हातात दिला. "हा बोलत नाही," म्हणाला. एका दमात, न अडखळता.

मी तो एका दिवसासाठी घरी नेला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, हरवला. तो काहीतरी म्हणायला लागला, पहिलं अक्षरच निघेना. मी थांबलो नाही. घंटा झाली होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. झाली नव्हती.

शेवटचा, १५५वा अंक १९९४चा. सैन्यात जाऊ पाहणाऱ्या एका जुन्या सोबत्याच्या मुलाला स्नेक आइजने लिहिलेलं पत्र, असा तो अंक आहे. बारा वर्षं गप्प राहिलेला माणूस तिथे पानंच्या पानं बोलतो. ते वाचून मी रात्री साडेअकराला माळ्यावर चढलो. बायकोने पुन्हा कपाळ तपासलं.

बाहुला ट्रंकेत होता. उजवा अंगठा तुटलाय, कमरेतलं रबर सैल पडलंय, उभा राहत नाही. मामांनी आणला तेव्हा दोन्ही अंगठे होते, तेव्हा तेही माझ्याच नावावर.

मित्रा, तो या पिशवीत आहे. मी आता खाली येतो. तुझं तेव्हाचं वाक्य अर्धं राहिलंय, ते पूर्ण कर. मी मधे बोलणार नाही. जेवण दीड वाजता आहे, भरपूर वेळ आहे.