जंगल तुटलं की ताप वाडीत येतो

(कशेळे इथे झालेल्या बैठकीत संघटनेच्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. ज्या वाड्यांतून लोकांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी बोललं तसंच उतरवून दिलं आहे. वाडीत सगळ्यांना वाचून दाखवावं.)

खांडस, पाथरज, जांबरुंगच्या बाजूने आणि खालापूरकडून आलेल्या माझ्या आया-बहिणींनो, काकांनो, दादांनो. आज आपण दाव्यांचं बोलायला जमलोय. कुणाची दळी, कुणाचा प्लॉट, कुणाचा सातबारा. आणि मला सांगितलंय आजारावर बोल. मागून एक काका म्हणाले, "आजाराचं डॉक्टर बोलंल, तू जमिनीचं बोल." काका, मी जमिनीचंच बोलणार आहे. थोडं थांबा.

मी डॉक्टर नाही. बारावीपर्यंत शिकलेली ठाकराची पोर आहे. जे वाचलं, जे विचारून घेतलं आणि जे घरात भोगलं तेवढंच सांगते.

माझ्या मामाची गोष्ट. लावणीचे दिवस होते. मामा दिवसभर चिखलात, पायाला भेगा. एका रात्री ताप भरला. आधी भगताकडे नेलं. मग एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे सुई दिली, सलाईन लावलं, साधा ताप म्हणून घरी पाठवलं. चौथ्या दिवशी डोळे लाल झाले, पिंडऱ्या एवढ्या दुखायला लागल्या की उभं राहवेना, लघवी कमी झाली. मग पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे रक्त तपासलं. लेप्टो निघाला. मामा वाचला. पण लावणी अर्धी राहिली, मामीचं डोरलं गेलं, आणि दिवाळीनंतर मामाने वीटभट्टीच्या मालकाकडून बयाणा उचलला. सहा महिने सगळं घर भट्टीवर. पोरांची शाळा सुटली. एक ताप आला आणि माणूस गहाण पडला. म्हणून मी म्हणते, आजार हा जमिनीचाच विषय आहे.

आता हा लेप्टो आला कुठून? उंदीर-घुशींच्या मुतातून. ते पाण्यात, चिखलात मिसळतं आणि आपल्या पायाच्या भेगेतून अंगात जातं. मुंबईत 26 जुलै 2005 ला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालले, आणि नंतर हाच ताप पसरला. पण तुम्ही विचाराल, उंदीर काय आज आलेत? आपले आजे-पणजे चिखलातच लावणी करत होते. मग आता काय बदललं?

मामाच्या वाडीच्या वर एक टेकाड होतं. ऐनाची, धावड्याची, करवंदीची जाळी होती. ते कुणी शहरवाल्याने घेतलं, मशीन लावून सपाट केलं, माती ओढ्यात ढकलली. ओढ्याला वाट राहिली नाही. पाणी फिरून भातखाचरात तुंबायला लागलं. वर बंगले झाले, शनिवार-रविवारची माणसं यायला लागली. जेवणावळीचा कचरा रोज त्याच ओढ्याच्या काठाला. कचरा आला तसे उंदीर, घुशी वाढल्या. उंदीर खाणारे कोण? साप, घुबड, मुंगूस, रानमांजर. त्यांची जाळी आणि ढोल्या तर टेकाडाबरोबरच गेल्या. म्हणजे उंदराला खायला मिळालं, त्याला खाणारा गेला, आणि त्याचं मूत वाहून न जाता आमच्या खाचरात थांबलं. तीन गोष्टी एकदम झाल्या. तेव्हा मामाला ताप आला. हे कुणी रिपोर्टात लिहिलं नाही. तिथे फक्त "लेप्टो" लिहिलंय.

हिवतापाचंही तसंच. हिवतापाचा डास वाहत्या पाण्याच्या काठाला वाढतो तसा साठलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो. दगडाच्या खाणीचे खड्डे, बांधकामाच्या टाक्या, बंद पडलेले पोहण्याचे हौद. डबक्यात मासा नाही, बेडूक नाही, मग अळ्या खाणार कोण?

आता जरा लांबची गोष्ट सांगते, पण ती आपलीच आहे.

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. 1957 साली तिथे वानरं आणि माकडं मरून पडायला लागली. पाठोपाठ जंगलात जाणाऱ्या माणसांना जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, काहींना नाका-तोंडातून रक्त. माणसं मेली. पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या लोकांनी तिथे जाऊन शोध घेतला. निघालं काय, तर हा विषाणू गोचिडीतून येतो. आपण त्याला माकडताप म्हणतो, पण माकड बिचारं आपल्यासारखंच आजारी पडतं. गोचीड दोघांनाही चावते. आणि एका माणसापासून दुसऱ्या माणसाला हा ताप होत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता बघा कसं झालं. तिथलं दाट जंगल शेतीसाठी, बागांसाठी तुटलं. तुकडे पडले. उघड्या जागी घाणेरी माजली. घाणेरीच्या जाळीत उंदीर वाढले, लहान गोचिडी उंदरावर पोसल्या. जंगलाच्या कडेला गुरं जास्त चरायला लागली, मोठ्या गोचिडी गुरांवर पोसल्या. गुरांना हा ताप येत नाही, पण गोचिडीचं पीक येतं. आणि त्याच कडेला आपल्यासारखी माणसं फाटी आणायला, पाला गोळा करायला. जो विषाणू दाट रानात आपल्या जागी पडून होता, तो गावाच्या वेशीवर आला.

तेव्हापासून तो सरकत सरकत आला. 2015 ला गोव्यात सत्तरी तालुक्यात पाळी गावात, 2016 ला आपल्या महाराष्ट्रात, सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याकडे. काजूच्या बागेत काम करणारी, पालापाचोळ्यात बसून बिया वेचणारी मजूर माणसं त्यात सापडली. बाग ज्याची त्याला ताप आला नाही, वेचणाऱ्याला आला.

आपल्या डोंगरात हा ताप आहे असं मी म्हणत नाही. भिऊन रानात जायचं बंद करू नका. पण गोचीड आपल्याकडे आहे, वानर आहे, घाणेरी आहे, आणि जंगलाचे तुकडेही पडतायत. म्हणून आधी माहीत असलेलं बरं.

मलेशियातही 1998-99 ला असंच झालं. तिथे फळझाडांच्या खाली डुकरांचे मोठाले गोठे होते. वटवाघळं त्या झाडांवर आली, त्यांची उष्टी फळं डुकरांनी खाल्ली, डुकरांचा ताप माणसांना आला. त्याचं नाव निपाह. शंभरावर माणसं गेली. वटवाघळाने मुद्दाम काही केलं नाही. त्याच्या रानात माणूस शिरला होता.

आता एक गोष्ट नीट ऐका. अशा बातम्या आल्या की काही साहेब लोक म्हणतात, "बघा, जंगलात आजार असतात, आदिवासींना तिथून हलवा." आणि काही म्हणतात, "आदिवासीच जंगल तोडतात." मी दोघांना विचारते, आमच्या आज्या रानात जन्मल्या, रानात मेल्या. शेवळं, कुरडू, भारंगी खाऊन जगल्या. तेव्हा जंगल सलग होतं. आजार सलग जंगलातून येत नाही, तो फाटलेल्या जंगलातून येतो. फाडलं कुणी, त्याचा हिशोब आधी करा.

पण खरं बोलायचं तर सगळं बोट दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. फेब्रुवारी-मार्चला वणवे लागतात, ते सगळेच बाहेरचे लोक लावत नाहीत. कुणी ससा काढायला लावतो, कुणी नुसती काडी टाकतो. वणव्यात लहान झाडं जातात, आणि पुढच्या पावसात तिथे घाणेरी आणि रानमोडीच माजते. राबासाठी टाहाळ तोडतो तेव्हा शेंडा ठेवतो का आपण? कोळशाच्या भट्टीवर कातकरी भाऊ राबतो तो पोटासाठी, शेठ त्याच्या घामावर मोठा होतो, पण झाड मात्र आपल्याच हाताने पडतं. हे आपण आपल्या बैठकीत बोलायचं नाही तर कुठे बोलायचं?

आता जमिनीचं. काका, आता ऐका.

आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा आपल्याला लागू नाही. पण 2006 चा वनहक्क कायदा आपल्याला लागू आहे. आपण वैयक्तिक दावे भरले, प्लॉटसाठी भांडतोय, ते बरोबरच आहे. पण सामूहिक दावा किती वाड्यांनी भरला? हात वर करा. बघा, किती थोडे हात आहेत. सामूहिक हक्क म्हणजे नुसतं फाटी आणि मध नाही. जंगल राखण्याचा, वाढवण्याचा हक्क त्यात आहे. कलम 5 म्हणतं, पाणलोट, पाण्याच्या जागा, जंगल आणि प्राणी राखायची ताकद ग्रामसभेला आहे. म्हणजे आपल्या वनात कुणी ओढा बुजवला, झाडं पाडली, तर ग्रामसभा ठराव करून अडवू शकते. गडचिरोलीत लेखा-मेंढा गावाने 2009 ला सामूहिक हक्क मिळवला. तीही आपल्यासारखीच आदिवासी माणसं आहेत.

आणखी एक. त्याच कायद्यात कलम 3(2) आहे. वनजमिनीवर दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची लाईन, रस्ता यासाठी एक हेक्टरच्या आतली जागा ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. "फॉरेस्टची जागा आहे, रस्ता होणार नाही" असं कुणी सांगितलं तर हे कलम दाखवा. रस्ता नसेल तर आजारी माणूस झोळीतच न्यावा लागतो.

आता करायची कामं. घरी जाऊन विसरू नका.

पहिलं. रानात वानर किंवा माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, जवळ जाऊ नका. मेलेल्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात. वनरक्षकाला आणि आशाताईला लगेच कळवा.

दुसरं. रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे वेगळे, पोरांच्या काखा, मान, केस बघा. गोचीड चिरडू नका, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा.

तिसरं. लावणीत ताप आला, पिंडऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर दोन दिवस वाट बघू नका. भगताकडे जायचं असेल तर जा, मी अडवत नाही, पण त्याच दिवशी सरकारी दवाखान्यातही जा. आपण चिखलात काम करतो हे डॉक्टरला स्वतः सांगा, आणि रक्त तपासायला सांगा.

चौथं. प्रत्येक वाडीने एक वही घालायची. कुठला ओढा बुजला, कुठे कचरा टाकतात, कुठे पाणी तुंबतं, आणि त्या बाजूला कुणाला कधी ताप आला. तारीख घालून लिहायचं. शाळेत जाणारी पोरं लिहितील. सामूहिक दाव्याला, तक्रारीला हीच वही पुरावा होईल.

पाचवं. वणव्याच्या दिवसात वाडीतल्या तरुणांनी पाळीने राखण करायची.

मामा आज इथे आला आहे, तिकडे मागे खांबाला टेकून बसलाय. यंदा तो भट्टीवर गेला नाही. वाडीच्या वनहक्क समितीत आहे आणि बुजलेल्या ओढ्याचा अर्ज त्यानेच अंगठा लावून दिलाय. अर्जाला अजून उत्तर नाही. पुढच्या सोमवारी आपण सगळे मिळून ते उत्तर मागायला तहसीलवर जाऊ. भाकरी बांधून या.

जिंदाबाद!