सहजीवन आणि औषधाचा नेम
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विवाह, शिक्षण आणि शिष्यवृत्त्या यांची चर्चा या व्यासपीठावर दरवर्षी होते. आज आम्ही ज्या विषयाला हात घालीत आहोत, तो चारचौघांत उच्चारण्यास संकोच वाटावा असा आहे. तथापि संकोचाने रोग हटत नाही, संसार मात्र मोडतात. म्हणून थोडे स्पष्ट बोलण्याची अनुज्ञा असावी.

पति-पत्नींपैकी एकाच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आढळला, तर त्यांनी एकत्र नांदावे काय? आणि नांदावयाचे, तर केवळ एका छपराखाली, की खरोखर पति-पत्नी म्हणून?

पुष्कळ घरांतून याचे उत्तर शास्त्राला न विचारताच दिले जाते. ताटवाटी निराळी होते, अंथरूण निराळे होते आणि अखेरीस सुनेची रवानगी माहेरी होते. मग दोष पतीकडून आलेला असो वा नसो. वस्तुतः एका ताटात जेवल्याने, हाती हात घेतल्याने, चुंबनाने अथवा अश्रूंच्या स्पर्शाने हा विषाणू जात नाही. तो जातो शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि मातेकडून अपत्याकडे.

आता शरीरसंबंधाविषयी. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर एक मोठे संशोधन झाले. त्यात आपल्या पुण्यातील जोडपीही होती. बाधिताने औषध लवकर सुरू केल्यास जोडीदारास लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ साली त्यातून दिसून आले. पुढे युरोपातील ८८८ जोडप्यांची माहिती २०१६ साली प्रसिद्ध झाली. निरोधाविना सुमारे ५८,००० वेळा संबंध येऊनही, ज्याचा विषाणू औषधाने दबलेला होता अशा जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नव्हती.

याचे कारण साधे आहे. औषध विषाणूची वाढ रोखते आणि रक्तातील त्याचे प्रमाण इतके घटते की, तपासणीतही तो सापडत नाही. अशा स्थितीत शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. परंतु तो समूळ नष्ट झालेला नसतो. गोळ्या सोडल्या की पुन्हा डोके वर काढतो. म्हणून औषध सुरू करून सहा महिने होईपर्यंत आणि तपासणीत विषाणू दबल्याची खात्री पटेपर्यंत निरोध वापरावाच. अन्य गुप्तरोग टाळण्यासाठी त्यानंतरही तो उपयोगी आहे. निरोगी जोडीदाराने आपली तपासणी वेळोवेळी करून घ्यावी; त्याच्यासाठीही प्रतिबंधक गोळ्या आहेत, त्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषधात खंड पडला असता निरोध फाटला, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे. जितके लवकर तितके बरे. अपत्याची इच्छा असेल, तर तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली निरोगी बालकाच्या रूपाने पूर्ण होऊ शकते.

सरकारी केंद्रांतून हे औषध २००४ सालापासून विनामूल्य मिळते. १०९७ या क्रमांकावर सल्लाही विनामूल्य मिळतो. नोकरी, शिक्षण आणि उपचार यांत बाधितांशी भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. परंतु स्वयंपाकघरात कायदा पोहोचत नाही. तेथे आपणच पोहोचले पाहिजे.

ज्ञातिबांधवांना आमची दोनच नम्र मागणी आहे. विवाह ठरविताना बाधित वराने अथवा वधूने सत्य आपल्या मुखाने समोरच्यास सांगावे. आणि ज्यास ते कळले, त्याने ते आपल्यापाशीच ठेवावे. सांगणाराची बेअब्रू होणार असेल, तर सत्य कोण बोलेल?

आपल्या घरांत सांजवातीचा नेम कोणी चुकवीत नाही. त्याच वेळी पतीने पत्नीस अथवा पत्नीने पतीस आठवणीने एक गोळी आणि पाण्याचे भांडे हाती द्यावे. त्या दोघांचे अंथरूण निराळे करण्याचे मग कोणासही कारण उरणार नाही.